मिशनची जुनी कागदपत्रं पुढच्या पुराआधी स्कॅन करा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

साहेब, मी सांगलीकडचा आहे आणि प्रेस्बिटेरियन मिशनच्या, म्हणजे आपल्या भागात शाळा-दवाखाने काढणाऱ्या अमेरिकन प्रोटेस्टंट ख्रिस्ती मिशनच्या, जुन्या कागदपत्रांबद्दल लिहितोय. पत्रं, वार्षिक रिपोर्ट, मंडळीची (चर्चची) बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, फोटो, असं सगळं.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 ला कोल्हापुरात आले, शाळा काढल्या, आणि मिशननं शाळा चालवायच्या की नुसता उपदेश करायचा यावरून त्यांचं त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी चांगलंच वाजलं, मग बरीच वर्षं ते स्वतंत्रपणे राबले आणि 1870 मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं. म्हणजे शाहू महाराज गादीवर यायच्या कितीतरी आधी कोल्हापुरात शिक्षण कुणाला आणि कसलं द्यायचं यावर भांडण चालू होतं! मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी 1894 ला हॉस्पिटल सुरू केलं, ते तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहितीय.

आता यातलं प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलेलं दप्तर फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत नीट सांभाळलेलं आहे, आणि मुंबईचे जॉन विल्सन, नागपूरचे हिस्लॉप वगैरे स्कॉटिश मिशनऱ्यांच्या मिशनचे कागद एडिनबरोच्या नॅशनल लायब्ररीत. पण तिकडे गेले ते मुख्यतः गोऱ्या मिशनऱ्यांनी वरच्यांना लिहिलेले रिपोर्ट, आणि देणगीदारांना काय ऐकायला आवडेल ते बघून लिहिलेला मजकूर त्यात भरपूर असतो. इथले मराठी मास्तर, बायबल बाया (घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या बायका), कंपाउंडर, पाळक यांची नावं आणि अक्षर सापडेल ते इथल्याच कागदांत. ते गेले तर आपल्याच माणसांची गोष्ट फक्त परक्यांच्या तोंडून उरेल, आणि हे मला खरंच सहन होत नाही.

नागपूरचंच बघा. स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटजवळ नदीच्या पुरात बुडून गेले, गोंडांबद्दलची त्यांची टिपणं अर्धवटच राहिली होती. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी ती जमवून 1866 ला छापली म्हणून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गोंडी गाणं त्या काळच्या रूपात आज वाचता येतं. कुणीतरी वेळेवर कागद उचलले, एवढंच झालं.

आमच्याकडे पूर माणसासाठी थांबत नाही तर कागदासाठी कुठला थांबतोय, 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा कृष्णा-पंचगंगेचं पाणी घराघरात शिरलं. त्यात वाळवी, गळकं छप्पर आणि "जुनी रद्दी" म्हणून होणारी साफसफाई वेगळीच.

मागणी मोठी नाहीये. पुराभिलेख संचालनालय तुमच्याच खात्याखाली आहे, त्यांच्या कोल्हापूरच्या ऑफिसला सांगून मंडळ्या, शाळा, हॉस्पिटलं आणि जुनी ख्रिस्ती घरं यांच्याकडे काय काय आहे त्याची यादी करून घ्या. कागद मागू नका, नाहीतर कुणीच कपाट उघडणार नाही. स्कॅनर तिथे न्या, मूळ कागद मालकाकडेच राहू दे, आणि एक कॉपी त्यांनाही द्या. मोडीतले कागद असतील तर वाचणारा माणूस सोबत पाठवा. पेशंटची रजिस्टरं मात्र लगेच ऑनलाइन टाकू नका, महारोग, क्षय, बाळंतपणं यांच्या नोंदीत लोकांच्या आज्या-पणज्या आहेत. आणि फिलाडेल्फिया, एडिनबरोशी सरकारी पातळीवर बोलून आपल्या भागाच्या कागदांच्या डिजिटल कॉपी मिळवा, एकेकट्या विद्यार्थ्याला तिकडे जाणं परवडत नाही.

एक विनंती, हे प्रकरण धर्मांतराच्या वादात अडकू देऊ नका. ज्याला मिशनऱ्यांवर टीका करायचीय त्यालाही हेच कागद लागणार आहेत.

यादीचं काम या उन्हाळ्यातच सुरू करा साहेब, कारण जूननंतर तळमजल्यावरच्या कपाटांची खात्री आमच्याकडे कुणीच देऊ शकत नाही.

आपला,
सांगलीकडचा एक नागरिक