पात्यावरचं नाव बहुतेक वेळा दुकानदाराचं असतं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या जुन्या तलवारीचा मोठा फोटो छापलात. फोटो झकास होता, मुठीवरचा सिंह, सोन्याचा मुलामा सगळं नीट दिसत होतं, पण खाली लिहिलंय की ही तलवार लंडनच्या अमुक कंपनीने "घडवली", आणि पुरावा काय तर पात्यावर तसं नाव कोरलेलं आहे. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. शर्टाच्या कॉलरवर दुकानाचं लेबल असतं म्हणून कापड त्या दुकानदाराने विणलं असं आपण म्हणत नाही ना? मग तलवारीच्या बाबतीत का म्हणतो?

मुळात हा धंदा चालायचा कसा ते बघा. जहाजावर हातघाईची लढाई व्हायची तेव्हा खलाशांच्या हातात कटलस, म्हणजे आखूड रुंद पात्याची तलवार असायची, ती सरकारी, 1804 च्या नमुन्याची, साधी, काळ्या लोखंडी मुठीची, लढाई संपली की परत जमा. अधिकाऱ्याची तलवार मात्र त्याने स्वतःच्या खिशातून घ्यायची, युनिफॉर्म आणि टोपीसारखीच. म्हणजे सरकार फक्त नमुना ठरवणार आणि पैसे भरणार विशीतला नवा लेफ्टनंट, ज्याचा पगार तुटपुंजा, आणि शत्रूचं जहाज पकडलं तर इनामातला हिस्सा मिळेल एवढीच काय ती आशा. असं गिऱ्हाईक लोहाराकडे कशाला जाईल? ते जाणार पोर्ट्समथच्या किंवा लंडनच्या शिंप्याकडे, जो कोट, टोपी, पट्टा, तलवार सगळं एका बिलात देतो आणि उधारीवर देतो. त्या उधारीवर अख्खा धंदा उभा होता असं माझं मत आहे, आणि म्हणूनच पात्यावर ज्याचं नाव यायचं तो बऱ्याचदा शिंपी, सोनार किंवा नुसता व्यापारी असायचा. आज ज्याला गीव्ह्ज अँड हॉक्स म्हणतात त्यातले गीव्ह्ज हे नौदलाचे शिंपीच, त्यांच्या नावाच्या तलवारी आजही लिलावात येतात, पण म्हणून त्यांच्या दुकानामागे भट्टी होती असं कोणी समजू नये.

आता पातं. ते घडवणारा एक, मोठ्या ओल्या दगडावर घासणारा दुसरा (हे काम सगळ्यात वाईट, दगडाची धूळ छातीत जायची, कधी फिरता दगडच फुटायचा), पाणी देणारा वेगळा, नक्षी काढणारा वेगळा, मूठ ओतणारा, मुलामा देणारा, म्यान शिवणारा वेगळा. मुलामा म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा, तो पारा कुणाच्या फुप्फुसात जायचा ते सांगायला नको. ज्याला सोर्ड कटलर म्हणायचे त्याचं मुख्य काम हे सगळे भाग गोळा करून तलवार जुळवणं आणि विकणं. जुळवणं हेही कसबच आहे, मी कमी लेखत नाही, पण घडवणं नव्हे.

पाती यायची कुठून? बरीचशी बर्मिंगहॅमहून आणि त्याआधीपासून जर्मनीतल्या झोलिंगेनहून. अठराव्या शतकाच्या अखेरच्या कितीतरी इंग्लिश तलवारींवर "जे. जे. रुंकेल, झोलिंगेन" असं लिहिलेलं सापडतं, आणि लोकांना वाटतं रुंकेल म्हणजे कोणी मोठा जर्मन लोहार. तो लंडनमधला आयातदार होता! झोलिंगेनची पाती मागवायची आणि तिथल्या कटलरना विकायची. घडवणाऱ्याचं नाव गेलं, मागवणाऱ्याचं राहिलं. या आयातीवर बर्मिंगहॅमचा टॉमस गिल चिडला होता, त्याचं म्हणणं की इंग्लिश पातं जर्मन पात्यापेक्षा कमी नाही, एकदा समोरासमोर चाचणी घ्या. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पाती वाकवून बघितली आणि गिलचा माल उत्तम उतरला. पुढे त्याच्या पात्यांवर "कधीही दगा देणार नाही" अशा अर्थाची हमीच कोरलेली असायची. मला हा माणूस आवडतो. निदान याचं नाव आणि याचं काम एकाच पात्यावर आहे.

नौदल अधिकाऱ्यांच्या तलवारीचा ठरलेला नमुना मात्र उशिरा आला, 1805 मध्ये. त्याआधी ज्याला जे परवडेल आणि शोभेल ते तो लावायचा. नमुना आला आणि दुकानदारांचं फावलं, कारण नमुना बदलला की जुनी तलवार परेडला चालत नाही, नवीन घ्या. 1827 मध्ये पितळी अर्ध्या टोपलीसारखी परज (हात झाकणारा मुठीचा भाग), सिंहाच्या डोक्याची मूठ, मुठीवर अधिकाऱ्यांना पांढरी खरखरीत माशाची कातडी आणि वॉरंट ऑफिसरना, म्हणजे त्यांच्या खालच्या हुद्द्याच्या लोकांना, काळी, असं ठरलं, आणि थोडेफार फेरफार सोडले तर तीच तलवार आजही चालू आहे. परजेला एक छोटी बिजागरीची पट्टी असते, ती म्यानाच्या खुंटीवर बसते म्हणजे डोलणाऱ्या जहाजावर तलवार म्यानातून घसरत नाही. इतका साधा विचार, आणि तो कोणा कारागिराला सुचला त्याचा आपल्याला पत्ता नाही.

सगळ्यात भारी तलवारी म्हणजे लॉइड्सच्या, म्हणजे लंडनच्या विमा बाजाराच्या, पेट्रिऑटिक फंडाच्या. 1803 मध्ये व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून हा फंड केला, पराक्रम केला की 100, 50 किंवा 30 पौंडांची तलवार, हुद्द्याप्रमाणे. कॅप्टनला शंभराची, लेफ्टनंटला पन्नासची, मिडशिपमनला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, तीसची. निळं पातं, त्यावर सोनेरी नक्षी आणि मिळवणाऱ्याचं नाव. यांच्यावर नाव दिसतं लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरच्या रिचर्ड टीडचं, आणि आज लिलावात लोक "टीडने घडवलेली" म्हणतात. बिल त्याने केलं हे नक्की, पण निळं करणारे आणि सोनं चढवणारे हात कोणाचे?

गंमत म्हणजे यातली कितीतरी पाती कधी रक्ताला लागलीच नाहीत. 1805 च्या ट्रॅफल्गरच्या लढाईच्या दिवशी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने तलवार लावलीच नव्हती, ती खाली केबिनमध्येच राहिली. त्याआधी 1797 ला सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत स्पॅनिश अधिकारी एकेक करून आपल्या तलवारी त्याला देत गेले आणि त्याचा खलाशी विल्यम फर्नी त्या काखेत गोळा करत उभा राहिला. म्हणजे वापर काय तर परेड आणि शरणागती.

लंडनच्या विल्किन्सन कंपनीचं उदाहरण मात्र वेगळं आहे, ते मान्य करायला हवं, कारण तिथे कारखाना होता आणि हिशेबही होता. 1772 मध्ये हेन्री नॉकने बंदुकांचा धंदा सुरू केला, पुढे तो जेम्स विल्किन्सनकडे गेला, मग त्याच्या मुलाने, हेन्रीने, तलवारी मनावर घेतल्या. पातं वाकवून तपासायचं यंत्र केलं आणि पास झालेल्या पात्यात मुठीजवळ पितळेची छोटी चकती बसवायला लागला. 1854 पासून पात्यांवर नंबर आणि वहीत नोंद, कधी विकलं आणि कोणाला. या नंबरावरून आजही माणूस शोधता येतो. पण चकतीची किंमत कळल्यावर बाकीच्यांनीही आपापल्या चकत्या बसवल्या, वर "प्रूव्हड" (तपासून पास) लिहिलं, आणि काहींचं प्रूव्ह कोणी केलं ते त्यांनाच माहीत. त्यात विल्किन्सन दुसऱ्या दुकानदारांनाही माल पुरवायचा, त्यामुळे शिंप्याच्या नावाखाली विल्किन्सनचं पातं असंही निघतं. तज्ञ म्हणवणारे लोकही इथे फसतात.

ही कंपनी 2005 मध्ये तलवारी करायची बंद झाली, हत्यारं-साचे लिलावात गेले, नाव मात्र दाढीच्या पात्यांवर अजून आहे. गिऱ्हाईकच उरलं नाही, दुसरं काय. आता शाही नौदलात बऱ्याच अधिकाऱ्यांना समारंभापुरती तलवार उसनी मिळते. आणि हा धंदा किती एका आदेशावर लटकलेला आहे ते अमेरिकेत बघा, 1942 मध्ये नौदलाने तलवार युनिफॉर्ममधून काढली, 1954 मध्ये परत आणली. मधली बारा वर्षं ज्याचं पोट त्यावर होतं त्याने काय केलं असेल?

तर संपादक साहेब, माझी मागणी फार मोठी नाही. पुढच्या वेळी अशा तलवारीचा फोटो छापाल तेव्हा कॅप्शनमध्ये "विक्रेता" आणि "घडवणारा" अशी दोन नावं वेगळी द्या, आणि घडवणारा कळत नसेल तर तसं सरळ लिहा, जागा कमी पडली तर फोटो जरा छोटा करा.

आपला,
एक जुना वाचक