मोटारीचा विमा : हप्त्याआधी ‘वापराची मर्यादा’ वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोटारीच्या विम्याची चर्चा बहुधा हप्त्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणती कंपनी स्वस्त, झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घ्यायचे की नाही, नो क्लेम बोनस किती जमला, एवढेच विचारले जाते. पॉलिसीच्या शेड्यूलवर बारीक अक्षरांत छापलेली ‘लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज’ (वापराची मर्यादा) आणि ‘ड्रायव्हर्स क्लॉज’ (गाडी कोणी चालवावी) ही दोन कलमे मात्र कोणी वाचत नाही. एजंट ती वाचून दाखवत नाही आणि मोबाइलवर पॉलिसी काढताना ती डोळ्यांसमोर येतही नाहीत. रोजच्या वापरातले कोणते ड्रायव्हिंग विम्यात बसते, हे मुख्यतः याच दोन कलमांवर ठरते.

खासगी मोटारीच्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि ‘थर्ड पार्टी’ म्हणजे समोरच्याबाबतची जबाबदारी, दोन्ही असलेली पॉलिसी) पहिल्या कलमाचा मजकूर साधारण असा असतो : पुढील वापर वगळता कोणत्याही कारणासाठी गाडी वापरता येईल. वगळलेला वापर म्हणजे भाड्याने किंवा मोबदला घेऊन वाहतूक, मालवाहतूक (नमुने व वैयक्तिक सामान सोडून), संघटित शर्यती, पेसमेकिंग (शर्यतीत पुढे राहून वेग ठरवून देणे), वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या भरवशाची चाचणी) आणि मोटार व्यवसायाशी संबंधित वापर.

कलमाची रचना पाहा. परवानगी सरसकट आहे, अपवाद तेवढे मोजून दिले आहेत. त्यामुळे घर ते कचेरी जाणे-येणे, मुलांना शाळेत सोडणे, डॉक्टरांच्या व्हिजिट, वकिलाचे कोर्टात जाणे, विक्री प्रतिनिधीने नमुन्यांची बॅग डिकीत टाकून गावोगाव फिरणे, गणपतीला कोकणात जाणे, हे सगळे बसते. ‘गाडी धंद्याच्या कामाला वापरली तर क्लेम मिळत नाही’ हा समज अर्धवट आहे. ब्रिटनमध्ये नोकरीवर जाण्यायेण्याचा वापर पॉलिसी घेतानाच सांगावा लागतो. तिथून परतलेल्यांना इथे तो वर्ग शोधत बसण्याचे कारण नाही.

खरी गोम भाड्यात आहे. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीने वडाप करणे तर सरळच बाहेर. पण शेजारच्या चार मुलांना महिन्याच्या ठराविक पैशांवर शाळेत ने-आण करणे, निवडणुकीत प्रचाराला दिवसाच्या दराने गाडी देणे, लग्नसराईत ड्रायव्हरसह गाडी लावणे, हेही भाडेच. गोव्यात घरची गाडी पर्यटकांना दिवसावर देण्याचा प्रकार सर्रास चालतो. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या अधिकृत गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात आणि तिचा विमाही वेगळा असतो. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणाऱ्या पर्यटकाच्या हातून अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कंपनीच्या हातात कारण तयार असते. तीच गाडी मित्राच्या लग्नाला फुकट दिली तर मात्र काही बिघडत नाही.

भाड्याचा वापर झाला म्हणजे एक पैसाही मिळत नाही, असेही नाही. खासगी गाडी टॅक्सी म्हणून वापरात असताना चोरीला गेल्याच्या नितीन खंडेलवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले की चोरीच्या दाव्यात वापराच्या अटीचा भंग निर्णायक नाही. तिथे ७५ टक्के रक्कम मान्य झाली. २०१० च्या अमलेंदू साहू निकालातही दावा मुळातूनच फेटाळणे चूक ठरले आणि ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोडीचा, म्हणजे अटभंग असूनही दाव्याची काही टक्के रक्कम देण्याचा, मार्ग मान्य झाला. नाकारल्याचे पत्र आले की गप्प बसणाऱ्यांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत. अर्थात तिथवर पोहोचायला वर्षे जातात, म्हणून ‘कोर्ट देईलच’ या भरवशावर वडाप सुरू करू नये.

पेट्रोलचा खर्च वाटून घेणाऱ्या सहकाऱ्यांचे काय? पॉलिसीत याची वेगळी व्याख्या नसते. एकाच कचेरीत जाणारे चौघे आळीपाळीने गाडी काढतात किंवा टोल-पेट्रोल वाटून घेतात, त्याला मोबदला म्हणणे अवघड आहे. अनोळखी प्रवासी, सीटप्रमाणे ठरलेला दर, रोजचा नेम आणि खर्च भागून हातात उरणारी रक्कम, यांतले जितके जुळत जाईल तितके पारडे भाड्याकडे झुकते. तपासनीस प्रवाशांचे जबाब घेतो, यूपीआयच्या नोंदीही मागू शकतो. कारपूलिंगबाबतचे राज्य सरकारचे धोरण गेल्या काही वर्षांत बदलत आले आहे. पण सरकारची परवानगी वेगळी आणि विम्याचा करार वेगळा. अ‍ॅपवरून सीट देणार असाल तर आधी कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या. कॉल सेंटरवरचे तोंडी ‘हो सर, चालेल’ नंतर कोणी ओळखत नाही.

मालाची गोष्ट तशीच. घरी खायला गावाहून आणलेल्या आंब्याच्या पेट्या हे वैयक्तिक सामान. मागची सीट आडवी करून विक्रीसाठी पंचवीस पेट्या भरल्या की तो माल. साड्यांचे प्रदर्शन भरवणाऱ्या, डब्यांची ऑर्डर पोहोचवणाऱ्या किंवा कुरिअरची पार्सले टाकणाऱ्या गाड्यांनी इकडे लक्ष द्यावे. हे रोजचेच असेल तर छोटे मालवाहू वाहन आणि त्याचा वेगळा विमा हाच सरळ मार्ग. शर्यती आणि ट्रायलबद्दल फार लिहायला नको. ऑफरोड स्पर्धेत गाडी उतरवणाऱ्यांना ते ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.

आता गाडी कोण चालवतो. विमा फक्त मालकाने चालवली तरच लागू, हा समज खोटा आहे. मालकाच्या संमतीने भाऊ, मेहुणा, मित्र किंवा पगारी ड्रायव्हर कोणीही चालवू शकतो, फक्त त्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना हवा. शिकाऊ परवानाही चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३ पाळून : शेजारी पक्का परवाना असलेली आणि गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली व्यक्ती, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’. मुलगा एकटाच सोसायटीबाहेर चक्कर मारून येतो म्हणाला की संरक्षण संपले. मुदत संपलेल्या परवान्याला पूर्वी ३० दिवसांची कायदेशीर सवलत होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती गेली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी वर्षभर आधी करता येतो, मग उशीर कशाला? दारूच्या अमलाखाली चालवताना झालेले गाडीचे नुकसान तर स्पष्टच वगळलेले असते. रक्तचाचणी झाली नाही म्हणजे सुटलो, असेही नाही. कंपनी इतर पुराव्यांनी ते सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे.

सर्वांत मोठा गैरसमज गाडीत बसलेल्यांबद्दल आहे. कायद्यापुरती ‘लायबिलिटी ओन्ली’ म्हणजे निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर रस्त्यावरचा पादचारी संरक्षित असतो, पण तुमच्या शेजारी फुकट बसलेला मित्र किंवा मामेभाऊ नसतो. पॅकेज पॉलिसीत मात्र गाडीतल्यांबाबतची जबाबदारी येते, हे विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. जुनी गाडी आहे, थर्ड पार्टी पुरे, असे म्हणून दोन-तीन हजार वाचवणाऱ्याने मागच्या सीटवर कोण बसते ते एकदा पाहावे.

त्यातही चालकाची बाजू निराळी. मालक-चालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, पण ते नोंदणीकृत मालकाला आणि तोही परवानाधारक असेल तरच. गाडी बायकोच्या नावावर, तिच्याकडे परवाना नाही आणि चालवतो नवरा, ही मांडणी घरोघरी आहे. यात हे संरक्षण दोघांपैकी कोणालाच मिळत नाही. उसनी गाडी चालवताना स्वतःच्याच चुकीने गेलेला मित्रही त्या गाडीपुरता ‘थर्ड पार्टी’ ठरत नाही, तो मालकाच्या जागी उभा असतो. अशा घरांत प्रत्येक चालवणाऱ्याची स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी हवी. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्याबाबतची मालकाची कायदेशीर जबाबदारी उचलणारी आयएमटी २८ ही पॉलिसीतली नोंद फार थोड्या जादा हप्त्यात मिळते, ती घ्यावीच.

समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी गाडीसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे. मृत्यू व इजेला रकमेची मर्यादा नाही. मात्र मालमत्ता दुसऱ्याची हवी. रिव्हर्स घेताना स्वतःचेच फाटक पाडले, तर पॅकेज पॉलिसीत बंपरचे पैसे मिळतील, फाटकाचे नाहीत. संरक्षण भारतभर आहे. नेपाळ-भूतानच्या सहलीला गाडी नेणार असाल तर निघण्यापूर्वी जादा हप्ता भरून हद्द वाढवून घ्यावी.

‘अपघात’ आणि ‘बिघाड’ यांतला फरक पावसाळ्यात महाग पडतो. पूर हा पॅकेज पॉलिसीत संरक्षित धोका आहे : भिजलेल्या सीट, कार्पेट, वायरिंग यांचा विचार होतो. पण पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला की पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते की हे पुराचे नव्हे, नंतरच्या कृतीचे परिणामी नुकसान. म्हणून पाणी चढलेल्या गाडीची चावी फिरवू नका. जमल्यास बॅटरीची वायर काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि गाडी टो करूनच हलवा. इंजिन प्रोटेक्शनचे अ‍ॅड-ऑन असले तरी हे पाळावे. खड्ड्यात नुसता टायर फाटला आणि गाडीला दुसरे काही झाले नाही, तर मूळ पॉलिसीत काही मिळत नाही. दोन्ही झाले तर टायरची निम्मी किंमत. झिरो डेप घेतल्याने वापराच्या किंवा परवान्याच्या अटीत काडीचाही फरक पडत नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवे.

२०२२ पासून ‘पे अ‍ॅज यू ड्राइव्ह’ हा पर्यायही आला आहे. वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कमी भरायचा. महिन्यातून चार वेळा गाडी काढणाऱ्या निवृत्तांना तो सोयीचा. पण एक पुणे-नागपूर फेरी साधारण चौदाशे किलोमीटर खाते. मर्यादा ओलांडण्यापूर्वी टॉप-अप घेतला नाही तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. थर्ड पार्टी चालू राहते. घेताना ओडोमीटरचा फोटो जपून ठेवा.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढेच करावे : विक्रीपासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करण्यासाठी अर्ज. थर्ड पार्टी कायद्याने आपोआप येते, गाडीच्या नुकसानीचे संरक्षण येत नाही. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे हवी.

दावा नाकारला गेल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडून महिनाभरात समाधान झाले नाही, तर ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि विमा लोकपाल आहेत. लोकपालांची कार्यालये मुंबई व पुण्यात आहेत, तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आणि दाव्याच्या अर्जावर प्रवासाचे कारण व चालकाचे नाव खरेच लिहा. चालक बदलून दाखवला की जो दावा मंजूर झाला असता तोही जातो.

विमा नियामकाने ही दोन कलमे शेड्यूलच्या पहिल्याच पानावर, हप्त्याच्या आकड्याइतक्याच मोठ्या टाइपात आणि ग्राहकाने मागितलेल्या भाषेत छापणे सक्तीचे करावे. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी उचलून धरावी, ही विनंती.

आपला,
एक मोटार विमा सर्वेक्षक, पुणे