उशीर शेवटच्या स्टेशनावर मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या ‘बहुतांशी वेळेवर’ धावतात, असा रेल्वेचा खुलासा आपल्या अंकात वाचला. त्यातल्याच एका गाडीने मी गेली सतरा वर्षं रोज अपडाऊन करते. खुलासा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. कागदावर गाडी वेळेवर असेलही. पण ती वेळ कोणत्या स्टेशनावर मोजली, हे त्यात कुठेच नव्हतं, आणि पाणी मुरतं ते तिथेच, कारण ती शेवटच्या स्टेशनावर मोजतात.

आमच्या स्टेशनात गाडीची वेळ सकाळी ६.२० ची. मी जिथे उतरते तिथे ती ७.२५ ला पोचायला हवी. पुढे तासा-दीड तासाने तिचं शेवटचं स्टेशन येतं. मी एका रुग्णालयात डायलिसिस तंत्रज्ञ आहे. सकाळची पहिली पाळी आठला सुरू होते, आणि त्याआधी मशीन तपासणं, डायलायझर (रक्त गाळणारी नळकांडी) आणि नळ्या सलाइनने धुऊन भरून घेणं यात अर्धा तास सहज जातो. त्यामुळे ७.२५ ची गाडी ८.०५ ला पोचली की माझा दिवस पळापळीनेच सुरू होतो. तीन लेट मार्कांना आमची एक किरकोळ रजा कापली जाते. ते मी सोसते. पण ज्यांना सोसवत नाही अशी माणसंही याच गाडीने येतात.

आमच्या पुढच्या स्टेशनावर एक मावशी चढतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, मुलाबरोबर. (त्यांच्या मुलाला विचारूनच हे लिहिते आहे.) मूत्रपिंडं काम करत नसल्याने दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत त्यांच्या अंगात तीनेक लिटर पाणी साठतं. ते चार तासांत, हळूहळू काढायचं असतं. गाडी चाळीस-पन्नास मिनिटं उशिरा आली की त्या खुर्चीत बसेपर्यंत नऊ वाजतात, आणि साडेबाराला दुसऱ्या पाळीचा रुग्ण त्याच मशीनसाठी दारात उभा असतो. त्यालाही परतीची गाडी गाठायची असते. मग चार तासांचे सव्वातीन होतात. तेवढंच पाणी कमी वेळात ओढायचं म्हणजे रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात. मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मावशींचा पाय असा आखडला की मी आणि त्यांचा मुलगा दोघं मिळून तळवा दाबून धरत होतो, आणि त्या दात आवळून मला विचारत होत्या, “ताई, अजून किती?” शेवटी पाणी पूर्ण न काढताच मशीन थांबवावं लागलं. उरलेलं पाणी अंगात घेऊन त्या मंगळवारपर्यंत राहिल्या. रेल्वेच्या कोणत्या रकान्यात हा उशीर लिहिला जातो?

त्या दिवशी गाडी आमच्या स्टेशनात ६.५८ ला आली आणि रुग्णालयाच्या गावी ८.१४ ला, म्हणजे एकोणपन्नास मिनिटं उशिरा. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे. शेवटच्या स्टेशनावर मात्र तीच गाडी फक्त बावीस मिनिटं उशिरा पोचली. पुढे जाणाऱ्या एका सहप्रवाशाकडून ती वेळ मी मुद्दाम मागून घेतली. मधली सत्तावीस मिनिटं भरून कशी निघाली, तर ती वेळापत्रकातच राखून ठेवलेली असतात. जाताना शेवटच्या दोन स्टेशनांमधल्या अकरा किलोमीटरना आमच्या गाडीला एक्केचाळीस मिनिटं दिलेली आहेत. परत येताना तोच रूळ, तेच अंतर, आणि वेळ फक्त चौदा मिनिटं. वाचकांनी आपापल्या मार्गाचं वेळापत्रक काढून शेवटच्या टप्प्याची जाण्याची आणि येण्याची वेळ शेजारी शेजारी ठेवून बघावी.

थोडी मोकळी वेळ वेळापत्रकात ठेवावीच लागते, हे मला मान्य आहे. रूळदुरुस्ती असते, वेगमर्यादा लागलेली असते, एखाद्या स्टेशनावर चढउतार जास्त होते. पण ती वेळ मार्गावर वाटून ठेवली तर मधल्या स्टेशनांनाही तिचा उपयोग होतो. सगळी शेवटच्या टप्प्यात साठवली की फायदा एकट्या शेवटच्या स्टेशनाला आणि तिथे मोजल्या जाणाऱ्या आकड्याला होतो. आमच्या गाडीतली बहुतेक माणसं त्याआधीच उतरून गेलेली असतात.

उशीर का होतो, हे आम्हा पासधारकांना आता तोंडपाठ आहे. मार्ग एकेरी आहे. समोरची गाडी यायची तर आम्हाला लूप लाइनवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, जाऊन थांबावं लागतं. या क्रॉसिंगला चार मिनिटं धरलेली असतात, पण समोरची वीस मिनिटं मागे असेल तर आमची ती वीस मिनिटं तिथेच जातात. तेवढ्यात मागून एक्स्प्रेस येते. तिला पुढे काढायचं म्हणजे ती पुढच्या स्टेशनाला लागून मधला पट्टा मोकळा होईपर्यंत आमचा सिग्नल लालच. मालगाडीचं आणखी निराळं. हल्लीच्या काही मालगाड्या इतक्या लांब असतात की छोट्या स्टेशनाच्या लूपमध्ये मावतच नाहीत, मग बाजूला कोण होणार, तर पॅसेंजर. शिवाय भरलेली मालगाडी एकदा थांबवली की पुन्हा वेग घ्यायला तिला फार वेळ लागतो, म्हणून कंट्रोल, म्हणजे गाड्या कशा सोडायच्या ते ठरवणारी कचेरी, तिला शक्यतो चालती ठेवतं. यातला प्रत्येक निर्णय सुटा बघितला तर बरोबर वाटतो. पण प्रत्येक वेळी माघार एकाच गाडीने घ्यायची, असं सतरा वर्षं चाललं आहे. आणि तोच रेक, म्हणजे तेच डबे, पुढे परतीची गाडी म्हणून निघत असल्याने सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत आमच्या मागे लागतो.

स्टेशन मास्तर, गार्ड किंवा गाडी चालवणारे यांच्यावर माझा राग नाही. पावसात सिग्नल बिघडला तेव्हा टॉर्च घेऊन रुळावर उतरलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. राग येतो तो आमच्याशी खरं बोललं जात नाही म्हणून. सकाळी स्पीकरवर सांगतात, गाडी पंधरा मिनिटं उशिराने येत आहे. पंधरा मिनिटं होतात, मग पंचवीस सांगतात. पंचवीस झाली की चाळीस. गाडी मागच्या स्टेशनातून सुटलेलीच नाही, तिथे मालगाडी पास होणार आहे, हे स्टेशनात कुणाला तरी माहीत असतंच, कारण आमच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे पुढे यायची परवानगी, दिल्याशिवाय गाडी इकडे येऊच शकत नाही. पहिल्यांदाच ‘चाळीस’ सांगितलं असतं तर मावशींच्या मुलाने जीप ठरवली असती, मी फोन करून सहकारिणीला मशीन लावायला सांगितलं असतं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या आशेवर बसवून ठेवल्याने हातात असलेला दुसरा मार्गही निघून जातो.

उशीर मोजण्याच्या पद्धती बदलता येतात, आणि काही देशांनी त्या बदलल्याही आहेत. ब्रिटनमध्ये पूर्वी प्रादेशिक गाडी शेवटच्या स्टेशनावर पाच मिनिटांच्या आत पोचली की वेळेवर धरत. एप्रिल २०१९ पासून तिथे मोजमापाचा मुख्य आकडा प्रत्येक नोंदीच्या स्टेशनाचा झाला, आणि सवलत एका मिनिटाहून कमी. त्यामुळे तिथल्या गाड्या वक्तशीर झाल्या असं मी म्हणत नाही, पण मधल्या स्टेशनावर उभ्या असलेल्या माणसाचा उशीर निदान हिशेबात आला. स्वित्झर्लंडमध्ये गाड्यांपेक्षा प्रवासी मोजतात, म्हणजे भरलेली गाडी उशिरा आली तर तो उशीर रिकाम्या गाडीच्या उशिरापेक्षा जड धरतात. जर्मनीत याच्या उलट अनुभव आहे. सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथे उशीर नाहीच, आणि रद्द झालेली गाडी वक्तशीरपणाच्या टक्केवारीत येतच नाही. ज्या प्रवाशाची गाडीच आली नाही, त्याचा त्या आकड्यात पत्ता नाही.

भरपाईतही आमच्यासारखेच मागे राहतात. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तासाभराच्या उशिराला तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के परत मिळतात, पण शहरी, उपनगरी आणि प्रादेशिक गाड्यांना त्यातून वगळायची मुभा त्याच नियमाने देशांना दिली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, चार तास उशिरा पोचलेल्या एका लांब पल्ल्याच्या गाडीच्या प्रकरणात, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करावं, नाहीतर भरपाई द्यावी, असा निकाल दिला. मोठा निकाल आहे. पण रोज चाळीस मिनिटं गमावणारा पासधारक ग्राहक मंचात किती वेळा जाणार? त्याची तारीखही त्याला याच गाडीने गाठायची आहे.

आम्हाला पैसे नकोत. मधल्या स्टेशनांवर गाडी प्रत्यक्ष किती वाजता आली, ते त्याच स्टेशनात दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा. जपानमध्ये गाडी उशिरा आली की रेल्वे कंपन्या तशी चिठ्ठी देतात आणि शाळा-कचेऱ्यांत ती चालते, तशी चिठ्ठी आम्हालाही मिळू द्या, म्हणजे लेट मार्क लावणाऱ्या साहेबांपुढे आम्ही खोटे ठरणार नाही. मशीनची पाळी चिठ्ठीने वाढत नाही, हे मला कळतं. म्हणूनच सगळ्यात कळकळीचं मागणं हे, की सकाळची कामावर नेणारी एक आणि संध्याकाळची घरी आणणारी एक, एवढ्या दोन गाड्यांना तरी क्रॉसिंगमध्ये बाजूला टाकू नका. दिवसातल्या बाकीच्या गाड्यांचं आम्ही समजून घेऊ.

संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही आहे. आपल्या अंकात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा रोज छापून येतात. त्यांच्याखाली दोन ओळींची जागा द्यावी आणि काल सकाळची आणि संध्याकाळची पॅसेंजर आमच्या स्टेशनात व रुग्णालयाच्या गावी किती वाजता आली, एवढंच छापावं. दोन्ही वेळा मी रोज वहीत टिपतेच. ज्या दिवशी माझी सुट्टी असते त्या दिवशी मावशींचा मुलगा किंवा पुढच्या डब्यातले दोघे शिक्षक टिपतात. रात्री आठच्या आत त्या आपल्याकडे पोचत्या करण्याची जबाबदारी माझी.

आपली,
एक पासधारक प्रवासी
(नाव, पत्ता व वहीच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. नाव छापू नये ही विनंती.)