विहिरी दाखवणाऱ्या आप्पांना

ती. आप्पांना,
सा. न. वि. वि.

आमचे तिघींचे प्रबंध जमा झाले, तोंडी परीक्षाही पार पडली. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं एक पान असतं आणि त्याचा क्रम ठरून गेलेला असतो: प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, प्रयोगशाळेतली मंडळी, आईवडील. तुमचं नाव तिघींच्याही पानावर आहे, पण एका ओळीत. त्या ओळीत मावलं नाही ते सांगायला हे पत्र. नात वाचून दाखवेलच. पण पुढच्या वर्षी वही-टेप घेऊन कुठल्या तरी गावात उतरणाऱ्या मुलामुलींनीही ते वाचावं म्हणून उघडच लिहिते आहे.

त्यांच्यासाठी थोडं आधीचं सांगते. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची झाली, किमान 160 श्रेयांकांची (क्रेडिट्सची). पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं आणि त्यात 12 श्रेयांक एकट्या संशोधन प्रकल्पाचे असतात. अभियांत्रिकीत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पूर्वीपासून आहेच. आम्ही शाळेपासूनच्या तीन मैत्रिणी. मी भूशास्त्राची, दुसरी सिव्हिलची, तिसरी इतिहासाची. एकाच गावातल्या विहिरींवर तिघींनी आपापल्या अंगानं काम करायचं, क्षेत्रकार्य एकत्र आणि प्रबंध वेगळे, असं ठरलं. तीन मार्गदर्शकांकडून तीन परवानग्या मिळवायलाच बराच काळ गेला, पण ते असो.

प्रश्न साधा होता. पुरंदर तालुक्यातलं, कऱ्हेच्या खोऱ्यातलं, पर्जन्यछायेतलं गाव. अंजीर, सीताफळ, वाटाणा ही पिकं. एकाच आळीतल्या, हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरी. एक फेब्रुवारीत तळ दाखवते, दुसरी मे महिन्यातही अंजिराच्या मिठ्या, म्हणजे उन्हाळी बहाराला पुरते. असं का? राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा घेते, पण अशी एक विहीर अनेक गावांच्या वतीनं बोलते. आळीतला फरक त्यात दिसत नाही. तो बघायचा तर गावातच जावं लागतं आणि विहिरींचा पूर्वेतिहास माहीत असलेलं माणूस लागतं. सगळ्यांनी तुमचं नाव सांगितलं. गावातल्या निम्म्याअधिक विहिरींवर तुमचा हात फिरलेला आहे, खोदाईत किंवा बांधकामात, नाहीतर गाळ काढताना.

तुम्ही आम्हाला काय दिलं याचा विचार करते तेव्हा विहिरी दाखवल्यात हे दुसऱ्या नंबरवर येतं. पहिल्याच विहिरीच्या कठड्यावर तुम्ही एक गोष्ट केलीत. मैत्रिणीनं विचारलं, ही किती जुनी? तुम्ही म्हणालात, "वरचं बांधकाम मी बघितलंय, बहात्तरच्या दुष्काळातलं. खालचं पेशव्यांच्या काळातलं म्हणतात. ते मी ऐकलंय, बघितलं नाही." पुढेही प्रत्येक वाक्याला तुम्ही ही खूण लावत गेलात. हे बघितलंय, ते ऐकलंय. ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नावही सांगायचात, चुलते, गावातले जुने पाटील, नाहीतर बाजारात भेटलेला कुणी पाणाड्या. संध्याकाळी एसटीत बसून आम्ही वहीत प्रत्येक विहिरीच्या पानावर दोन रकाने आखले, ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’. संशोधनपद्धतीच्या तासाला प्राथमिक आणि दुय्यम साधनं पाठ केली होती. ती फोड बोलण्याच्या ओघात, न थकता, दर वाक्याला करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. ते दोन रकाने तिन्ही प्रबंधांचा कणा झाले.

तुमची मापं ‘परस’ या हिशेबात असायची. अमुक विहीर आठ परस, तमुक सहा. सिव्हिलवाली अडली, परस म्हणजे नक्की किती? तुम्ही काही न बोलता भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, दोन्ही हात वर ताणलेत आणि म्हणालात, मोज. तिनं टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली. पावणेसात फुटांच्या आसपास भरलं. मग तिनं तुम्हाला खोली माहीत असलेल्या काही विहिरी टेपनं मोजून ताडून पाहिल्या. फरक निघाला, पण सगळीकडे जवळजवळ सारखाच आणि एकाच बाजूला. त्यामुळे ज्या विहिरींचा तळ आता गाळाखाली गेला आहे त्यांची मूळ खोलीसुद्धा तुमच्या सांगण्यावरून धरता आली. तिच्या प्रबंधात या आकडेमोडीचं वेगळं परिशिष्ट आहे. कधीतरी सवडीनं बघा. भिंतीला लागून उभे असलेले तुम्ही त्यात आकृतीत आहात.

इतिहासवालीची अडचण वेगळी होती. तिला साल हवं असायचं आणि गावात कुणी साल सांगत नाही. तुम्हीच तिला वाट दाखवलीत. पानशेत फुटलं तेव्हा ही विहीर होती का? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हिच्यावर मोट होती की इंजिन? इंदिराबाई गेल्या तेव्हा? पानशेत 12 जुलै 1961, कोयना 11 डिसेंबर 1967, इंदिरा गांधींची हत्या 31 ऑक्टोबर 1984. असे खुंट ठोकून तिनं एकेका विहिरीचा काळ दोन्हीकडून आवळत आणला. 1972 च्या दुष्काळात कोणत्या विहिरींचा तळ फोडला, त्यावर कामाला कोण होतं, सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन माणसं कशी राबली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तिचं रेकॉर्डिंग चालू होतं. त्याची अक्षरन् अक्षर नक्कल तिनं हातानं उतरवली आहे.

आणि तो कंदील. जुन्या, बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत उतरायची मला फार घाई होती, कारण थर वरून नीट दिसत नव्हते. तुम्ही आधी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडलात. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. तुम्ही दोर वर घेतलात आणि एवढंच म्हणालात, "आज नाही." बंद विहिरीत तळाशी कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू कमी पडतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डिझेल इंजिन खाली ठेवलेल्या विहिरींत माणसं कशी दगावली, हे तुम्हाला माहीत होतं. त्यानंतर प्रत्येक विहिरीवर कंदील आधी आणि आम्ही नंतर. महाविद्यालयांच्या क्षेत्रकार्याच्या नियमावलीत हेल्मेट असतं, पाण्याची बाटली असते, पालकांचं संमतिपत्र असतं. विहिरीतल्या हवेबद्दल आम्हाला दिलेल्या कागदात एक ओळ नव्हती. ती आता असावी असं पत्र आम्ही दिलं आहे.

जिथे उतरता आलं तिथे तुम्ही पहारीच्या बोथट टोकानं भिंतीवर ठोकत खाली गेलात आणि मला नुसतं ऐकायला लावलंत. काळा पाषाण खणखणत होता. त्याच्या खालच्या अंगाला उभ्याआडव्या फटी होत्या आणि तिथे आवाज फुटत होता. मग वीतभर तांबडी गेरूची पट्टी, मऊ, नखानं निघणारी. तिच्याखाली तुम्ही ज्याला मांजऱ्या म्हणता तो भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा थर. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोंढे एकावर एक पसरत गेले. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजून तिथे ही तांबडी माती झाली. लोंढ्याच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरली. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग याच खडकाचा आहे. वर्गात मी हा छेद फळ्यावरून वहीत कितीदा तरी उतरवला होता. पाझर नेमका कुठून सुटतो यावर बोट मात्र तुम्ही ठेवलंत. गेरूच्या लगेच वर, फटींतून. ओल हाताला लागत होती.

रात्रीची मोजणी तर तुमच्याशिवाय झालीच नसती. पंप लावून पाणी खाली न्यायचं, पंप बंद करायचा आणि पाणी कसं चढत येतं ते ठरावीक वेळानं टेपनं मोजत बसायचं. ऐकायला सोपं आहे. पण लाइट रात्रपाळीची, आणि ती असताना पंप बंद ठेवा असं कुठल्याही शेतकऱ्याला सांगणं म्हणजे त्याच्या बागेच्या तोंडचं पाणी काढणं. तुम्ही मालकांकडे स्वतः गेलात, आम्हाला बरोबर न घेता. काय बोललात ते कळलं नाही, पण विहीर रात्रभर आमच्या ताब्यात आली. घोंगडी घेऊन तुम्हीही बसलात. पहिल्या तासाभरात तुम्ही म्हणालात, पाणी खाली असतं तेव्हा धावतं, वर आलं की रेंगाळतं. सकाळी सिव्हिलवालीनं आलेख काढला. सुरुवातीला सरळ चढ, मग वळत वळत सपाट होत गेलेली रेघ. सूत्रही तेच सांगतं: बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक जसा कमी होतो तसा वेग मंदावतो.

आता काय निघालं ते सांगते, कारण निकाल आधी गावाला कळला पाहिजे असं तुम्ही पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मेपर्यंत टिकणाऱ्या विहिरी सगळ्यात खोल नव्हत्या. गेरूवरचा फटींचा थर ज्यांच्या भिंतीत भरपूर उघडा होता आणि ज्यांचा तळ मांजऱ्यात होता, त्या टिकल्या. त्याखालच्या घट्ट काळ्या पाषाणात ज्यांचा तळ नंतर वाढवला, त्यांत पाणी जास्त मावतं, पण उपसल्यावर त्या लवकर भरत नाहीत. मालकानं पैसे घालून टाकी मोठी केली, नळ तेवढाच राहिला. हे एका गावाचं आहे, दुसऱ्या गावात थर वेगळे असतील. पण इथे विहिरीच्या भिंतीतून आडवं बोअर घ्यायचं झालं तर कोणत्या पातळीवर घ्यावं, हे आता नकाशावर दाखवता येतं.

मला इथे थांबून एक नमूद करायचं आहे. दोन मालकांनी आम्हाला आपणहून सांगितलं की, पूर्वी तुम्ही त्यांना "इथून खाली पैसा घालू नका" म्हणाला होतात. खोदाईची मजुरी फुटावर मिळते. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष तुम्ही स्वतःच्या मजुरीवर पाणी सोडून कधीच देऊन टाकला होता.

आणि उंबराचं. उंबराजवळच्या विहिरीला पाणी जास्त, असं तुम्ही म्हणाला होतात. झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे, वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर दकार्गल नावाचा अख्खा अध्याय आहे. त्यामुळे इतिहासवाली या मुद्द्यावर खूश होती. पण आमच्या मोजणीत तसा संबंध दिसला नाही. तुम्हाला कसं सांगावं याचं तिघींनाही दडपण होतं. तुम्ही आकड्यांचा कागद मागून घेतलात, विहिरींची नावं एकेक करून वाचायला लावलीत, थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "मग ते ऐकलेल्यात घाला." आप्पा, पदवीच्या चार वर्षांत मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा हा आहे, आणि तो देणारे तुम्ही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलंच, एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विज्ञानाच्या प्रबंधात किती भरवसा ठेवायचा? मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली, परसाचं परिशिष्ट पाहिलं, उंबराचं पान पाहिलं आणि मग बराच वेळ प्रश्न विचारले ते फक्त खडकाबद्दल.

माझं स्पष्ट मत आहे की ऋणनिर्देशाची ही रीत बदलली पाहिजे. विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात, मार्गदर्शकाच्या कार्यभारात तास धरले जातात. ज्याच्या माहितीवर प्रबंध उभा राहतो, त्याच्यासाठी कुठल्याही नमुन्यात रकाना नाही. म्हणून त्या एका ओळीशिवाय आम्ही तिघींनी ‘क्षेत्र-माहिती आणि मापन’ असं पान वेगळं काढून तिथे तुमचं नाव आणि तुमचं काम लिहिलं आहे. मार्गदर्शकांनी ते राहू दिलं, त्यांचेही आभार.

तिन्ही प्रबंधांचा मराठीतला गोषवारा आणि विहिरींचा नकाशा येत्या ग्रामसभेत घेऊन येतो आहोत. सरपंचांशी बोलणं झालं आहे. त्याआधी एक काम तुमच्याकडे आहे. ओढ्यापलीकडच्या पडक्या विहिरीच्या ‘पाहिलेलं’ रकान्यात अजून काहीच नाही. तिच्यावर मोट चाललेली पाहिलेलं कुणी गावात हयात असेल तर त्यांना विचारून ठेवा. आम्ही आदल्या दिवशी दुपारच्या एसटीनं येऊ. कंदील आमचा आम्ही आणतो.

काकींना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

तुमच्याकडे आलेल्या तिघी