देवमाशाचे गुडघे

कैरो, २४ जानेवारी

ती. आप्पांना
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो. परवा सुट्टीला आम्ही तिघं वादी अल-हितानला जाऊन आलो. वादी अल-हितान म्हणजे देवमाशांची दरी. कैरोच्या नैऋत्येला साधारण १५० किलोमीटर. फय्युमची हिरवी शेतं मागे पडली की पुढे वाळूच वाळू.

आणि त्या वाळूत देवमासे पडलेत, आप्पा! ढोलकीएवढाले मणके, एकामागे एक, जनावर जसं निजलं असेल तसेच. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. दगडांनी आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, हात लावायचा नाही. वाऱ्याखेरीज आवाज नाही. बडबडी चिऊसुद्धा गप्प झाली होती.

तिथल्या संग्रहालयात १८ मीटर लांबीचा आख्खा सांगाडा आहे. नाव बॅसिलोसॉरस, म्हणजे सरड्यांचा राजा. १८३४ मध्ये हाडं तपासून नाव देणाऱ्याला तो सरपटणारा प्राणी वाटला, तेच नाव राहिलं. पण मी थबकलो ते त्याच्या मागच्या पायांपाशी. एवढ्या धुडाला इवलेसे पाय! गुडघा, घोटा, बोटं, सगळं जागच्या जागी. त्या पायांवर जमिनीवर उभं राहणं शक्यच नव्हतं. त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते, त्याची ही खूण. ते पाय १९८९ मध्ये याच दरीत सापडले. त्याहून जुन्या देवमाशांची हाडं आपल्या कच्छमध्येही मिळाली आहेत.

तुमची फार आठवण आली. राजगड चढताना काळ्या कातळावर हात ठेवून तुम्ही सांगायचात, हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. म्हणजे आपला सह्याद्रीचा दगड या देवमाशांहून जुना! चिऊला हे सांगितलं तर म्हणाली, "मग आजोबांचा डोंगर जिंकला."

तिला तिथे नाण्यासारखी एक दगडी चकती दिसली. न्यूम्युलाइट, एकपेशीय जीवाचं कवच. पिरॅमिडांच्या दगडातही ती खच्चून भरलीत. तुमच्यासाठी न्यायची म्हणून उचलली होती, पण तिथून काहीच न्यायचं नसतं. हिरमुसली, पण परत ठेवली. ठेवण्याआधी वहीच्या कागदावर तिच्याभोवती पेन्सिल फिरवून घेतली. तो कागद सोबत आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमचा
बाळू