शेततळ्याचं बिल आणि नववीची बहुपदी

संपादक महोदय,

मागच्या महिन्यात आमच्या शेतात शेततळं खोदलं, वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. पोकलेनवाल्याने बिल केलं ३० गुणिले ३० गुणिले ३, म्हणजे २७०० घनमीटर. मीपण मान डोलावली, खोटं कशाला बोलू. पण तळं काय पेटीसारखं सरळ नसतं ना, कडा ढासळू नये म्हणून एकास एक उतार दिलेला असतो, म्हणजे एक मीटर खाली गेलं की चारही बाजूंनी एकेक मीटर आत, आणि तळाला राहतात फक्त २४ बाय २४.

मुलगी दहावीला आहे. तिला म्हटलं बघ गं जरा. ती म्हणे पप्पा हे गणित भाग २ मधलं, म्हणजे भूमितीचं आहे, आत्ता माझा भाग १ चा, बीजगणिताचा अभ्यास चालूय! हेच सांगायला हे पत्र लिहितोय. बीजगणिताचा पेपर ४० मार्कांचा वेगळा, भूमितीचा ४० चा वेगळा, वह्या वेगळ्या, क्लासचे सरसुद्धा वेगळे, मग पोरांना वाटणारच की नववीत शिकलेली बहुपदी (क्ष, क्ष², क्ष³ अशा पदांची बेरीज) म्हणजे नुसतं कंस सोडवायचं काम.

शेवटी दोघं बसलो. तळापासून पाण्याची उंची क्ष धरली तर पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू २४ + २क्ष होते आणि क्षेत्रफळ त्याचा वर्ग. घनफळाला मात्र खालची बाजू, वरची बाजू आणि दोन्हींची बेरीज, या तिन्हींचे वर्ग मिळवायचे, सहाने भागायचं आणि उंचीने गुणायचं. ही रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत खातव्यवहारात, म्हणजे खोदकामाच्या हिशोबाच्या प्रकरणात दिलेली आहे, सन ११५० च्या ग्रंथात, आणि त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आमच्याच चाळीसगाव तालुक्यात पाटणला आहे (आम्ही तिथे जातो ते देवीला आणि धबधबा बघायला). त्या रीतीत बाजू घालून कंस सोडवल्यावर बहुपदी आली ५७६क्ष + ४८क्ष² + ४/३ क्ष³. क्ष च्या जागी ३ टाका, २१९६ येतात. म्हणजे बिलात ५०४ घनमीटर माती अशी होती जी कोणी खोदलीच नाही.

पोरगी मग थांबेचना. क्ष = १.५ टाकलं तर ९७६.५ घनमीटर, म्हणजे काठावरून बघून आपण अर्धं तळं भरलंय म्हणतो तेव्हा पाणी अर्ध्यापेक्षा कमीच असतं. आणि भरलेल्या तळ्यात पाणी एक मीटर उतरलं की साधारण ८४१ घनमीटर गेलं, तिसरा हिस्सा नाही तर अडतीस टक्के. उन्हाळ्यात डाळिंबाला किती दिवस पुरेल याचा हिशोब करणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो हो.

बोर्डाने निदान एक प्रश्न तरी असा द्यावा जो दोन्ही भागांत मोडतो, तळं घ्या नाहीतर विहिरीभोवतीचा कट्टा घ्या, पण आकृतीवरून बहुपदी पोरांनी स्वतः मांडायची, तयार देऊन नुसते अवयव पाडायला लावायचे नाहीत.

पोकलेनवाल्याला कागद दाखवला तर तो म्हणाला, साहेब डिझेल काय क्ष वर जळतं का. शेवटी २२०० वर तुटलं. वरचे ४ घनमीटर त्याला चहापाण्याला सोडले.

– एक पालक, ता. चाळीसगाव, जि. जळगाव