पाच जणींत तीन बाटल्या

शहापूर, बेळगाव

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

तुझी ट्रेकची यादी मिळाली. टोप्या, गॉगल, सेल्फी स्टिक, सगळं आहे, आणि पाच जणींत मिळून पाण्याच्या बाटल्या तीन! बेत तिथंच कळला की. वाटेत आडोसा मिळायचा नाही, तेव्हा पाणी बेतानं प्यायचं, असाच ना? बायकांच्या ट्रेकचं निम्मं दुखणं इथूनच सुरू होतं. सकाळपासून घोट घोट पिऊन, लघवी दाबून चाललं की दुपारी डोकं ठणकतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरी आल्यावर दोन दिवसांनी जळजळ सुरू होते. मग बाई म्हणते, ट्रेकिंग आपल्याला सोसत नाही.

तेव्हा माणशी २ लिटर, उन्हातला चढ असेल तर ३. लघवी गडद पिवळी दिसली तर तिथंच थांबून प्यायचं. एका बाटलीत साखर-मीठ घालून ठेव : १ लिटर पाण्याला चहाच्या चमच्यानं साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा. मीठ अंदाजानं टाकू नको, जास्त झालं तर उलट त्रास. आडोशासाठी गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता आणि एक जुनी गडद ओढणी पुरते. पाणवठ्यापासून शंभरेक पावलं लांब जायचं, बसण्याआधी गवतावर काठी आपटायची, गळ्यात शिट्टी असू दे. वाटेवर सॅक ठेवून जायचं म्हणजे मागून येणारीला कळतं, कोणीतरी आत गेलंय. कागद तिथं टाकायचा नाही, पिशवीतून परत आणायचा.

पाळीचंही आताच ठरवा. कप वापरणार असाल तर आधी दोन-तीन महिने घरी सवय करा. पहिला प्रयोग डोंगरावर नको. १२ तासांच्या आत रिकामा करायचा आणि हात धुवायला पिण्याचंच पाणी घ्यायचं. पॅड वापरणारीनं बाहेरून चांदीचा कागद चिकटवलेली झिपची पिशवी घ्यावी, आत सुकवलेली चहापूड चमचाभर, वास दबतो. पुरू नका, कुत्री-कोल्ही उकरतात. पाळी पुढं ढकलायची गोळी निघायच्या आदल्या रात्री मागून उपयोग नाही, ती तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करावी लागते. शिवाय तिनं रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आता बूट. माळ्यावर चार वर्षं पडलेले आहेत, नवेच्या नवे आहेत, असं लिहिलंयस. तेच घात करतात. बऱ्याच बुटांच्या तळव्यातला मऊ थर हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजतो. आपल्याकडच्या पावसात तर विचारूच नको. वरून बूट चकचकीत दिसतो आणि दोन तास चाललं की अख्खा तळवा जबडा उघडल्यासारखा लोंबतो. टाचेखालचा तो मऊ थर अंगठ्यानं जोरात दाबून बघ. भेगा दिसल्या, भुगा पडला, तर टाकून दे. नवे घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजा घालून बघ आणि बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेव. ही जागा नसली तर उतारावर नखं काळी पडतात. उतरायच्या आधी नाडी अशी बांध : दोन्ही बाजूंना वरच्या दोन भोकांत एकेक फास करायचा, समोरची नाडी त्यातून ओवायची आणि ओढून गाठ मारायची. टाच मागंच राहते. पाय कुठंही चुरचुरला की फोड यायची वाट न बघता चिकटपट्टी लावायची.

सॅकचं ओझं खांद्यावर घेऊ नका. आधी सगळे पट्टे सैल, मग कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवून घट्ट, मग खांद्याचे, शेवटी छातीचा, आणि तो छातीच्या वरच्या बाजूला. पाठीची लांबी जुळत नसेल तर भावाची सॅक उसनी घेऊ नका, पट्टा पोटावर येतो.

सरावाला राजहंसगड बरा. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण तुम्ही येळ्ळुरातून चालत जा, आठवड्यातून दोनदा, पाठीवर ५ किलो. महिन्याभरानं पारगड. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास आहेत. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथं टाच आधी टेकवू नका, अख्खं पाऊल सपाट टाका. जळू ओढायची नाही, नख सरकवून तोंड सोडवायचं. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरू नका. डिसेंबर ते मे गोचिडीचा काळ. गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचे रुग्ण शेजारच्या दोडामार्ग-सत्तरीत सापडलेत. फुलपँट मोज्यात खोचा, पानांवर बसू नका, आणि परतल्यावर काखा, गुडघ्यामागं, कानामागं तपासा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नको. जांबोटीच्या पुढं रेंजचा भरवसा धरू नका, कुठं चाललोय ते घरी कागदावर लिहून ठेवा. जेवणाला कडक रोटी, शेंगाचटणी, गूळ. कुंदा गाडीतच राहू दे.

उत्तराखंडातल्या केदारकांठ्याचं मात्र घाईनं ठरवू नका. आपलं बेळगाव २,५०० फुटांवर, ते शिखर १२,५०० वर. १०,००० फुटांच्या वर झोपायची उंची एका दिवसात १,५०० फुटांपेक्षा जास्त वाढवायची नाही, असा दंडक आहे. डोकं दुखून उलटी झाली तर चढणं बंद. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांग, तोल गेला तर रात्र असली तरी खाली आणायचं. त्याआधी हिमोग्लोबिन पाचही जणींनी तपासा. १२ च्या खाली असलं तर लोहाच्या गोळ्यांना दोन-तीन महिने लागतात, म्हणजे डिसेंबरला जायचं तर सप्टेंबरातच बघायला हवं. पुढं शिकायचंच असेल तर बचेंद्री पाल एव्हरेस्टच्या आधी, १९८४ पूर्वी, जिथं शिकल्या ती उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तिथला पहिला कोर्स जवळपास चार आठवड्यांचा, जागा लवकर भरतात.

रिपोर्ट आले की कळव, आणि बाटल्या किती झाल्या तेही. काकूंना नमस्कार.

तुझी,
विजू